दुर्बीण बसवलेल्या पॉइंट टू-टू रायफलीचा नेम जुळवताना

एनसीसीत असताना आपल्यापैकी पुष्कळांनी आयुष्यातली पहिली गोळी पॉइंट टू-टू, म्हणजे सुमारे ०.२२ इंच व्यासाच्या नळीच्या, रायफलीने, पालथे झोपून, पंचवीस मीटरवरच्या कागदावर झाडलेली असते. गोळ्या कागदावर कुठेही लागल्या तरी चालतील, पण एकमेकींच्या जवळ लागल्या पाहिजेत, असे उस्ताद बजावत आणि त्यालाच ग्रुपिंग म्हणतात एवढे कळून आपण परत परेडीला जात असू. त्या रायफलीचा नेम कोणीतरी आधीच जुळवून ठेवलेला असे. पुढे अमेरिकेत स्थायिक झाल्यावर स्वतःची रायफल घेणारा आणि तिच्यावर दुर्बीण, म्हणजे स्कोप, बसवणारा मराठी माणूस नेमका इथेच अडतो. स्कोपमधली फुली काळ्या ठिपक्याच्या मधोमध असते, श्वास सांभाळलेला असतो, आणि तरीही गोळी अडीच इंच खाली आणि इंचभर डावीकडे लागते. फुली जिथे दिसते तिथेच ठरलेल्या अंतरावर गोळी लागावी अशी जुळणी करणे याला झीरो करणे म्हणतात. हा लेख त्या कामाविषयी आहे, आणि तो कधीही हे काम न केलेल्यांसाठी लिहिला आहे.

सुरुवातीलाच कायद्याची एक बाब सांगितली पाहिजे, कारण आपल्या मंडळींपैकी अनेकांना ती माहीत नसते. एच-१बी, एल-१ किंवा विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत असलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसे जवळ बाळगण्यास तिथल्या केंद्रीय कायद्याने सर्वसाधारणपणे बंदी आहे. या बंदीला काही मोजके अपवाद आहेत आणि वैध शिकार परवाना हा त्यांपैकी एक आहे. मित्राची रायफल रेंजवर क्षणभर हातात घेणेही यातून आपोआप सुटत नाही, त्यामुळे व्हिसावर असलेल्यांनी वकिलाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. ग्रीन कार्डधारकांना रायफल विकत घेता येते, परंतु राज्याराज्यांचे नियम वेगळे असतात आणि ते वाचण्याला पर्याय नाही. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, आणि तिथे या खेळाची जी परंपरा आहे तीत स्कोपला जागाच नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले तेही पॉइंट टू-टूनेच, पण भिंग नसलेल्या, बारीक छिद्रातून पाहायच्या साइटने. त्या लक्ष्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. स्कोप लावूनही आपल्याला ते दर वेळी साधणार नाही, हे मनाशी धरून ठेवलेले बरे.

काडतुसाविषयी थोडे

पॉइंट टू-टू लाँग रायफल हे काडतूस १८८७ सालचे आहे आणि आजही त्याची रचना मुळात तीच आहे. मोठ्या काडतुसांच्या बुडाशी मधोमध एक छोटी टोपी असते आणि तिच्यावर आघात होऊन दारू पेटते. पॉइंट टू-टूसारख्या रिमफायर काडतुसात अशी टोपी नसते, तर पेट घेणारे मिश्रण पुंगळीच्या बुडाच्या पोकळ कडेत पसरवलेले असते आणि फायरिंग पिन त्या कडेवर आदळते. या रचनेमुळे काडतूस स्वस्त होते, पण कडेतले मिश्रण प्रत्येक पुंगळीत अगदी सारखे पसरलेले नसते, त्यामुळे एकाच डब्यातल्या दोन गोळ्यांच्या वेगात फरक पडतो. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे टरेट, म्हणजे नेम वरखाली किंवा बाजूला सरकवणारी स्कोपवरची घुंडी, केव्हा फिरवायचा आणि केव्हा फिरवायचा नाही हे सारे तिच्यावरच अवलंबून आहे.

नवख्याने ४० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप), स्टँडर्ड व्हेलॉसिटी असे लिहिलेली काडतुसे घ्यावीत. त्यांचा वेग सेकंदाला सुमारे १०७० फूट असतो, म्हणजे ध्वनीच्या वेगाहून थोडा कमी. हाय व्हेलॉसिटीच्या गोळ्या सेकंदाला १२०० फुटांच्या वर सुटतात आणि वाटेत ध्वनीच्या वेगाखाली येतात, आणि तोवर हवेचा अडथळा त्यांना अधिक जाणवतो. म्हणूनच बाजूच्या वाऱ्यात त्या मंद गोळीपेक्षाही जास्त सरकतात, आणि हे प्रथम ऐकणाऱ्याला पटत नाही. पाचशे सुट्या गोळ्यांची बादली मोह पाडते, पण पहिल्या झीरोसाठी ती बाजूला ठेवावी. त्याऐवजी तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे पन्नास-पन्नास गोळ्यांचे डबे घ्यावेत. पॉइंट टू-टूची प्रत्येक नळी आपापल्या आवडीची असते, आणि शेजाऱ्याच्या रायफलीत नाण्याएवढा गट मारणारी गोळी आपल्या रायफलीत बशीएवढी पसरू शकते.

घरचे काम

माझ्या मते झीरो करण्याचे निम्म्याहून अधिक काम पहिली गोळी झाडण्याआधी, घरातल्या टेबलावर होते, आणि रेंजवर फसलेले बहुतेक लोक खरे तर घरीच फसलेले असतात. टेबलाशी बसण्यापूर्वी मॅगझीन काढून, बोल्ट उघडून, चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेत, डोळ्याने पाहून आणि करंगळीने चाचपून रायफल रिकामी असल्याची खात्री करावी. काडतुसांचा डबा त्या खोलीत नसावाच.

पहिल्यांदा स्क्रू पाहावेत. स्कोप ज्या दोन कड्यांमध्ये बसतो त्या कड्या रायफलीवरच्या खाचेला जुळणाऱ्या आहेत ना हे तपासावे, कारण पॉइंट टू-टू रायफलींवर पुष्कळदा ११ मिलिमीटरची अरुंद खाच असते आणि मोठ्या रायफलींसाठीच्या कड्या तिच्यावर घट्ट बसल्यासारख्या वाटतात पण बसत नाहीत. कड्यांचे वरचे स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने, थोडे थोडे करून आवळावेत, जेणेकरून दोन्ही बाजूंची फट सारखी राहील. १५ ते १८ इंच-पौंड एवढा टॉर्क बहुतेक कड्यांना पुरतो, तरी कडीच्या कागदावर दुसरा आकडा असेल तर तोच मानावा. मनगटाच्या जोरावर आवळणाऱ्यांनी स्कोपची नळी चेपवल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

पूर्ण आवळण्याआधी दोन गोष्टी जुळवायच्या असतात. एक म्हणजे डोळ्यापासूनचे अंतर. रायफल नेहमीसारखी खांद्याला लावावी, डोळे मिटून गाल दस्त्यावर टेकवावा आणि मग डोळे उघडावेत. स्कोपमध्ये कडेपर्यंत भरलेले गोल चित्र दिसले तर अंतर बरोबर आहे, आणि काळी चंद्रकोर दिसली तर स्कोप पुढे किंवा मागे सरकवावा. हे सर्वांत मोठ्या भिंगशक्तीवर करावे, कारण तिथे चूक लवकर उघडी पडते. दुसरी गोष्ट म्हणजे फुलीची उभी रेघ खरोखर उभी असणे. त्यासाठी महागडे उपकरण लागत नाही, गवंड्याचा ओळंबा पुरतो. गॅरेजच्या टोकाला जाड पांढऱ्या दोऱ्याला वजन बांधून टांगावे, रायफल पिशव्यांवर सपाट ठेवावी आणि स्कोप कड्यांमध्ये फिरवून उभी रेघ दोऱ्यावर पडेल असे करावे. रेघ तिरकी राहिली तर जवळच्या अंतरावर काही बिघडत नाही, पण पुढे लांबवर मारताना वरचा टरेट फिरवला की गोळी वर जाता जाता बाजूलाही सरकते आणि माणूस वाऱ्याला दोष देत बसतो.

त्यानंतर डोळ्याजवळच्या भिंगाचा फोकस करावा. स्कोप कोऱ्या पांढऱ्या भिंतीकडे किंवा आकाशाकडे धरून, सूर्य पूर्ण टाळून, क्षणभरच पाहावे, नजर बाजूला न्यावी आणि पुन्हा पाहावे. पहिल्या क्षणातच फुली काळी आणि रेखीव दिसली पाहिजे. टक लावून पाहत राहिल्यास डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि फोकस चुकीचा असूनही बरोबर वाटतो. स्कोपला पॅरलॅक्सची कडी असेल तर ती ज्या अंतरावर मारणार त्या आकड्यावर ठेवावी. नसेल तर तो स्कोप रिमफायरसाठीचा आहे का हे पाहावे, कारण अशा स्कोपचा पॅरलॅक्स बहुधा ५० किंवा ६० यार्डांवर जुळवलेला असतो आणि मोठ्या रायफलीच्या स्कोपचा १०० यार्डांवर. जुळवलेला नसल्यास डोके किंचित हलवताच फुली लक्ष्यावर फिरताना दिसते, आणि गाल दर वेळी थोडा वेगळा टेकला की गोळीही थोडी वेगळी लागते.

शेवटचे घरकाम म्हणजे नळीतून पाहणे. सीझेड ४५७ किंवा सॅव्हेज मार्क २ यांसारख्या बोल्ट रायफलीचा बोल्ट पूर्ण निघतो, त्यामुळे मागून नळीत पाहता येते. रायफल पिशव्यांमध्ये रोवून नळीच्या गोल तोंडातून पंचवीसेक यार्डांवरची एखादी ठळक खूण मधोमध आणावी, आणि मग रायफलीला धक्का न लावता टरेट फिरवून फुली त्याच खुणेवर न्यावी. इथे जवळजवळ प्रत्येक नवखा गोंधळतो. टरेटवरचा वर दाखवणारा बाण गोळी वर नेतो, फुली नव्हे. फुली स्कोपमध्ये उलट दिशेला सरकते. म्हणून नळी खुणेवर असताना फुली खुणेच्या वर दिसत असेल, तर टरेट वरच्या बाणाकडे फिरवावा म्हणजे फुली खाली उतरेल. रूगर १०/२२ सारख्या सेमी-ऑटो रायफलीत मागून सरळ पाहता येत नाही. तिथे नळीत बसणारा लेझर वापरावा किंवा हे पाऊल सोडून रेंजवर मोठ्या कागदावर सुरुवात करावी. बोल्ट काढायची सोय असूनही हे टाळणारा मात्र रेंजवर पहिल्या पंधरा गोळ्या कागदाबाहेरच्या मातीत पुरून येतो.

आता रिकामा चाप ओढून पाहण्याविषयी. जुन्या रिमफायर रायफलींत फायरिंग पिनला कडेचा आधार मिळाला नाही की ती सरळ चेंबरच्या काठावर आदळते आणि तिथे खाच पडते. नव्या रायफली बहुधा हे सोसतात, पण माहितीपुस्तिकेत तसे लिहिलेले असेल तरच ओढावा.

रेंजवर

रेंजच्या शिस्तीचे नियम तिथे गेल्यावर समजावून सांगतातच, तरी आधीच अंगी बाणवावेत असे काही आहेत. नळीचे तोंड सदैव मातीच्या बांधाकडे असावे. फुली लक्ष्यावर येईपर्यंत बोट चापाबाहेर, दस्त्याच्या कडेला सरळ ठेवावे. रेंज कोल्ड असल्याचे, म्हणजे गोळीबार थांबवल्याचे, पुकारले की रायफल रिकामी करून, बोल्ट उघडा ठेवून, चेंबरमध्ये रंगीत झेंडी घालून बाकापासून मागे उभे राहावे आणि लोक लक्ष्यापाशी असेपर्यंत रायफलीला बोटही लावू नये, स्कोपमधून डोकावण्यासाठीसुद्धा नाही. पॉइंट टू-टू लहान आहे म्हणून तिच्याशी सैलपणा करणारे लोक भेटतात. तिची गोळी मोकळी सुटली तर मैलाहून अधिक जाते, आणि पाण्यावर किंवा दगडावर आपटून उडते. कानांना संरक्षण आणि डोळ्यांना चष्मा हे सर्वांसाठी, सोबत आलेल्या मुलांसाठीही.

बाकावर बसण्याची पद्धत साधी आहे, पण तिच्यात तडजोड नको. पुढच्या पिशवीवर दस्त्याचा पुढचा लाकडी किंवा प्लास्टिकचा भाग टेकवावा, नळी कधीही टेकवू नये. नळी पिशवीवर टेकली की तिचे कंपन बदलते आणि गट दुसरीकडेच पडतो. मागे, दस्त्याच्या टाचेखाली दुसरी छोटी पिशवी ठेवावी आणि डाव्या मुठीने तिला दाबून किंवा सोडून फुली वरखाली करावी. पिशव्या विकत मिळतात, परंतु इंडियन ग्रोसरीतून आणलेल्या दहा पौंडी बासमतीची चेन असलेली कापडी पिशवी वाळू भरायला उत्तम असते, आणि मागच्या पिशवीसाठी जुन्या मोज्यात तांदूळ भरून गाठ मारली की काम होते. माझी मोज्याची पिशवी आजही तीच आहे, फक्त मध्ये एकदा रेंजवरच्या खारीने ती फोडली.

लक्ष्याचा कागद इंच-इंचाच्या चौकटी आखलेला घ्यावा, म्हणजे अंतर डोळ्याने मोजता येते. सोबत पट्टी, पेन, स्टेपलर आणि कड्यांच्या स्क्रूचा पाना असावा.

पंचवीस यार्ड

पहिला कागद २५ यार्डांवर लावावा. रेंजवर पन्नासच्या आत कागद लावू देत नसतील तर मोठा पुठ्ठा मागे लावून पन्नासलाच सुरुवात करावी. नव्या काडतुसाच्या पहिल्या पाच ते दहा गोळ्या कागदाच्या कोपऱ्यात, मोजदाद न करता झाडाव्यात, कारण पॉइंट टू-टूच्या गोळ्यांवर मेणाचा किंवा चरबीचा थर असतो आणि नळीत त्या कंपनीचा थर बसेपर्यंत गोळ्या थोड्या भटकतात.

मग मधल्या ठिपक्यावर नेम धरून, टरेटला हात न लावता, तीन गोळ्या झाडाव्यात. श्वास सोडून झाल्यावर जो स्वाभाविक विसावा मिळतो त्यात चाप हळूहळू दाबत न्यावा आणि गोळी सुटल्यावरही क्षणभर दाबून धरावा. तिन्ही छिद्रे साधारण एका जागी असतील तर त्यांचा मध्य काढावा. समजा तो ठिपक्याच्या अडीच इंच खाली आणि एक इंच डावीकडे आहे. आता हिशेब करायचा.

कोन मोजताना एका अंशाची साठ मिनिटे होतात, आणि असे एक मिनिट १०० यार्डांवर १.०४७ इंच पसरते, म्हणजे व्यवहारात एक इंच. ५० यार्डांवर ते अर्धा इंच आणि २५ वर पाव इंच होते. बहुतेक स्कोपांचा टरेट एका क्लिकला पाव मिनिट सरकतो, म्हणून एक इंच सरकायला १०० यार्डांवर चार, ५० वर आठ आणि २५ वर सोळा क्लिक लागतात. चार, आठ, सोळा एवढे पाठ असले की गणकयंत्र लागत नाही. आपल्या उदाहरणात अडीच गुणिले सोळा म्हणजे चाळीस क्लिक वर आणि सोळा क्लिक उजवीकडे. टरेटवर काय लिहिले आहे ते मात्र आधी वाचावे. काही स्कोपांत एक क्लिक अर्ध्या किंवा एक अष्टमांश मिनिटाचा असतो, आणि मिल या कोनाच्या दुसऱ्या मापात मोजणाऱ्या स्कोपांत तो ०.१ मिल असतो, ज्याला २५ यार्डांवर एका इंचाला सुमारे अकरा आणि ५० वर साडेपाच क्लिक पडतात. क्लिक मोजताना बोलू नये आणि कोणाला बोलू देऊ नये.

फिरवून झाल्यावर पुन्हा तीन गोळ्या. त्या ठिपक्याजवळ आल्या की पंचवीसवर रेंगाळू नये. स्टँडर्ड व्हेलॉसिटीची गोळी इथे ठिपक्याच्या पाव इंच वर लागू द्यावी, कारण पुढे पन्नासवर ती जवळजवळ बरोबर जागी येईल.

पन्नास यार्ड, आणि माझे वाया गेलेले साठ राउंड

पन्नासवर मी पहिल्यांदा बसलो त्या सकाळी पहिली गोळी इंचभर डावीकडे लागली. मी लगेच आठ क्लिक उजवीकडे दिले. दुसरी अर्धा इंच उजवीकडे आणि थोडी वर गेली, म्हणून चार क्लिक डावीकडे आणि तीन खाली. तिसरी पुन्हा डावीकडे. असे करत मी साठ राउंड संपवले, आणि शेवटच्या गोळीला फुली जिथे होती तिथून पहिल्या गोळीची जागा फार दूर नव्हती. स्कोप खराब आहे अशी माझी खात्री झाली होती. पुढच्या आठवड्यात टरेटला हात न लावता त्याच डब्यातल्या पाच गोळ्या झाडल्या तेव्हा त्यांचा गट दीड इंचाचा निघाला. म्हणजे ती रायफल, त्या काडतुसाने, नेम अगदी अचूक असतानाही एखादी गोळी मध्यापासून पाऊण इंचावर टाकणारच होती. मी आठवडाभर आधी त्या स्वाभाविक विखुरण्याचा पाठलाग करत होतो.

त्यामुळे पन्नासवर नियम एकच ठेवावा. पाच गोळ्या झाडल्याशिवाय टरेट उघडायचा नाही. पाचही छिद्रे मोजायची, त्यातले एक दूर गेले म्हणून ते वगळायचे नाही, चाप ओढतानाच हात हलल्याचे आपल्याला जाणवले असेल तरच वगळायचे. मध्य काढण्यासाठी सगळ्यांत वरच्या आणि सगळ्यांत खालच्या छिद्राच्या मधोमध एक आडवी रेघ, आणि डाव्या-उजव्या टोकांच्या मधोमध एक उभी रेघ पेनने मारावी. गणिती दृष्टीने ही पद्धत काटेकोर नाही, पण बाकावर पुरते. मध्य ठिपक्यापासून पाव इंचाच्या आत असेल तर टरेट तसाच ठेवून आणखी एक पाचाचा गट मारावा, आणि दोन्ही गट एकाच बाजूला झुकत असतील तरच दोन क्लिक द्यावेत.

हेच तिन्ही डब्यांच्या काडतुसांनी करून पाहावे. डबा बदलताना पुन्हा पाच-दहा गोळ्या नळी रुळण्यासाठी जाऊ द्याव्यात. प्रत्येक काडतुसाचे दोन-दोन गट वेगवेगळ्या ठिपक्यांवर मारून कागदावर तिथेच नाव लिहावे. सर्वांत लहान गट ज्याचा, त्याच काडतुसावर शेवटचा झीरो करावा, आणि जमल्यास त्याच लॉट क्रमांकाचे आणखी डबे घ्यावेत, कारण त्याच नावाचा पुढचा लॉट वेगळा वागू शकतो. ताशी दहा मैलांचा बाजूचा वारा पन्नास यार्डांवर गोळीला साधारण इंचभर ढकलतो. रेंजच्या झेंड्या फडफडत असतील तर झीरो दुसऱ्या दिवशी करावा. वाऱ्यात केलेला झीरो म्हणजे वाऱ्याचाच झीरो असतो.

पन्नासच का, असे विचारले जाते. स्कोप नळीच्या सुमारे दीड इंच वर बसलेला असतो, गोळी नळीतून किंचित वर रोखून सुटते, नजरेच्या रेषेला खालून ओलांडते आणि पुढे खाली येते. पन्नासवर जुळवल्यास २५ ते ५० या पट्ट्यात ती फुलीपासून अर्ध्या इंचाहून दूर जात नाही. शंभरवर मात्र ती सहा-सात इंच, मंद काडतुसाने त्याहूनही थोडी अधिक खाली लागते. ज्यांना शंभरवर मारायचे आहे त्यांनी पन्नासचा झीरो कायम ठेवून तिथून किती क्लिक वर लागतात हे प्रत्यक्ष झाडून मोजावे.

काही बिघडल्यासारखे वाटले तर

गट अचानक पसरू लागला की आधी रायफल रिकामी करून कड्यांचे आणि दस्त्याचे स्क्रू तपासावेत. टरेटवर संशय असेल तर चौकोनाची परीक्षा घ्यावी. २५ यार्डांवर एकाच ठिपक्यावर नेम धरून तीन गोळ्या झाडाव्यात, चाळीस क्लिक वर जाऊन पुन्हा तीन, चाळीस उजवीकडे, चाळीस खाली, चाळीस डावीकडे. कागदावर अडीच इंचांचा चौकोन उमटला आणि शेवटचा गट पहिल्यावरच येऊन बसला तर स्कोप निर्दोष आहे. टरेट शेवटच्या टोकाला अडकतो आणि गोळी अजून लांबच राहते, अशी वेळ आली तर दोष बहुधा कड्यांच्या बसवणुकीत असतो. त्या उतरवून पुन्हा बसवाव्यात.

चाप ओढला आणि नुसता टक् असा आवाज झाला, तर नळी बांधाकडेच रोखून किमान तीस सेकंद थांबावे, कारण काडतूस उशिरा पेटू शकते. मग बोल्ट उघडून ते बाहेर काढावे आणि रेंजने ठेवलेल्या डब्यात टाकावे. रिमफायरमध्ये हे मोठ्या काडतुसांपेक्षा वरचेवर घडते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. घाबरण्याची गोष्ट वेगळी आहे. नेहमीपेक्षा मऊ, फुसका आवाज आला आणि कागदावर छिद्र पडले नाही, तर दुसरी गोळी अजिबात भरू नये. गोळी नळीत अडकलेली असू शकते. बोल्ट काढून नळी आरपार दिसते की नाही हे पाहिल्याशिवाय किंवा रेंज अधिकाऱ्याला दाखवल्याशिवाय त्या दिवशी पुढे काही करू नये.

झीरो पक्का झाल्यावर

बहुतेक टरेटांची वरची टोपी किंवा आकड्यांची कडी सैल करून शून्य रेषेवर आणता येते. क्लिक हलू न देता ते करावे, म्हणजे पुढे कितीही वरखाली गेलो तरी परतीची जागा दिसत राहील. कड्यांच्या स्क्रूंवर आणि कडीच्या काठावर नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढावी. स्क्रू हलला तर रेघ तुटलेली दिसते आणि प्रवासात रायफल कुठे आपटली होती का, हा वाद संपतो. एका छोट्या वहीत तारीख, तापमान, वारा, काडतुसाचे नाव व लॉट, अंतर आणि गटाचा आकार लिहावा. थंडीत गोळीचा वेग कमी पडतो, त्यामुळे जुलैत जुळवलेली रायफल जानेवारीत थोडी खाली मारते, आणि वही नसली की दर हिवाळ्यात स्कोप बिघडल्याचा तोच साक्षात्कार नव्याने होतो.

नळी प्रत्येक वेळी घासून स्वच्छ करण्याची घाई करू नये. पॉइंट टू-टूची गोळी मऊ शिशाची असते, ती नळीला फारशी झिजवत नाही, आणि स्वच्छ नळीला पुन्हा रुळायला गोळ्या लागतात. गट पसरू लागले की साफ करावे. हात मात्र प्रत्येक वेळी, काही खाण्यापूर्वी, साबण आणि थंड पाण्याने धुवावेत, कारण शिसे बोटांवर राहते. डबा उघडून पोहे किंवा थालीपीठ खायचे असेल तर ते रेंजवरून निघून, हात धुऊन झाल्यावरच. कपडेही घरी आल्यावर वेगळे धुवावेत, विशेषतः घरात लहान मूल असेल तर.

पुढच्या वेळी रेंजवर गेल्यावर टरेटला हात लावण्याआधी, थंड नळीने, नव्या ठिपक्यावर एकच गोळी झाडावी आणि ती कुठे लागली ते वहीत लिहावे. अशा चार-पाच नोंदी झाल्या की आपल्या रायफलीची पहिली गोळी पुढच्या गटात बसते की दर वेळी बाजूला पडते हे कळते, आणि मग त्याप्रमाणे नेम धरता येतो.